‘प्रतिकारशक्ती वाढवा’ एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला ‘प्रतिकारशक्ती वाढवा, कॅन्सरला पळवा’ हा लेख वाचला आणि राहवलं नाही. माझी सगळी नोकरी मिरजेत पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गेली. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, तीन-चार मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, मग रंगवायचे. रंग नीट चढलाय का हे मी डॉक्टरांच्या आधी बघत असे. स्तनाच्या गाठीच्या कापावर सीडी-६८ची (मॅक्रोफेज नावाच्या पेशी ओळखायच्या खुणेची) तपासणी केली की कॅन्सरच्या पेशींना अगदी खेटून बसलेल्या मॅक्रोफेज तपकिरी रंगात उठून दिसत.

जंतू गिळणाऱ्या या आपल्याच पेशी. पण गाठीत त्या कॅन्सरशी लढतातच असं नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेजमधल्या कॉन्डीलिस आणि पोलार्ड यांच्या गटांनी २००४ मध्ये उंदरांच्या गाठींत हे दाखवलं. कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडते, त्याने मॅक्रोफेज जवळ येते. मॅक्रोफेज ईजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन सोडते, त्याने कॅन्सरची पेशी जागची हलते. एक निरोप तोडला तरी दोघींचीही हालचाल मंदावते. पुढे रक्तवाहिनीच्या भिंतीशीही मॅक्रोफेजच कॅन्सरच्या पेशीला आत शिरायला मदत करते. अशा मॅक्रोफेजची ‘शक्ती वाढवून’ काय साधणार?

टी पेशी म्हणजे कॅन्सरच्या पेशींना मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांचं आणखी वेगळं. त्या हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि तोच संदेश मिळाल्यावर आसपासच्या कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ हे ब्रेकसारखं काम करणारं प्रथिन अंगावर आणतात, टी पेशींना थोपवतात. टी पेशींवरचे असे ब्रेक सोडवण्याच्या शोधाला, म्हणजे ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना, २०१८ चं नोबेल मिळालं.

आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पीडी-एल१चा हा ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब हे औषध तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरला फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिलं. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी! वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या राज्यात याची बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

रिपोर्टच्या खिडकीपाशी एका बाईंनी मला विचारलं होतं, “ताई, काढा सुरू केलाय, आता केमो थांबवली तर चालेल ना?” नवऱ्याच्या जबड्याची बायोप्सी होती. मी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. हा प्रश्न अशा लेखांतूनच पेरला जातो.

म्हणून विनंती, त्याच पुरवणीत, तेवढ्याच जागेत, एखाद्या कॅन्सरतज्ज्ञांकडून या विषयावर लिहून घ्या. आणि उपचार चालू असताना कुठलीही पावडर, काढा, गोळी घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, हे वाक्य चौकटीत, ठळक अक्षरांत छापा.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज