ग्रीक-लॅटिन मी अजून का शिकवते

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेतील विद्यापीठे ग्रीक-लॅटिन गुंडाळत असल्याच्या बातम्या वाचून तुम्ही काळजीने विचारलेत, की ज्या विषयाकडे त्याचेच लोक पाठ फिरवीत आहेत, त्यात मी आयुष्य का घालवावे. फोनवर उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बातम्या खऱ्या आहेत. 2021 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृतीच्या अभ्यासात पदवी घेणाऱ्यांवरची ग्रीक किंवा लॅटिनची अट काढली आणि त्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठाने आपला प्राचीन ग्रीक-रोमन अभ्यासाचा विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. मला दुसऱ्या बातमीचे दुःख अधिक झाले. हॉवर्डची स्थापना 1867 मधली, म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या कृष्णवर्णीयांना लिहायवाचायला शिकवणे दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा मानले जाई, त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेत अभिजात भाषांचे शिक्षण सुरू झाले. पुढे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनीही ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिन शिकवले. ही विद्या तुमच्या आवाक्यातली नाही असे ज्यांना बजावले गेले, त्यांनी ती मिळवून दाखवली होती. असा विभाग बंद होतो तेव्हा त्या कष्टांची आठवणही पुसट होते.

प्रिन्स्टनच्या निर्णयामागचा हेतू मला मान्य आहे, कारण ज्यांच्या शाळेत लॅटिन नव्हते त्या मुलांना ही अट खरोखरच जाचक होती. पण त्यावरचा उपाय भाषा ऐच्छिक करणे हा नसून पहिल्या वर्षी वर्णमालेपासून ती मनापासून शिकवणे हा आहे, असे मला ठामपणे वाटते. मी स्वतः ग्रीक अक्षरे पहिल्यांदा गिरवली ती पदवीच्या वयात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता: ज्या समाजाचा डोलारा गुलामांच्या श्रमावर उभा होता, त्याचे गोडवे कशासाठी गायचे? गोडवे गाऊ नयेतच. ॲरिस्टॉटल 'राजनीती' या ग्रंथात गुलामाला सजीव मालमत्ता म्हणतो, आणि ते वाक्य मी वर्गात वगळत नाही. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात नायकाचा मुलगा टेलेमाकस बारा दासींना फासावर लटकावतो. तो भाग आम्ही सावकाश वाचतो आणि त्यानंतर वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही. 2021 मध्येच इटलीतील प्राचीन पाँपेई शहराच्या तटबंदीबाहेर, चिविता जुलियाना येथील एका वाड्यात, गुलामांची सुमारे सोळा चौरस मीटरची एक खोली सापडली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले लाकूड कुजून गेले होते, पण त्याच्या पोकळ्या शिल्लक होत्या. त्यांत प्लास्टर ओतल्यावर तीन खाटा उभ्या राहिल्या. दोन मोठ्या माणसांच्या आणि तिसरी जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीची, बहुधा एखाद्या मुलाची. उंचावर एक छोटीशी खिडकी, कोपऱ्यात मातीचे घडे आणि मधोमध घोड्यांच्या साजाची पेटी. तिथे झोपणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. ज्यांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही, त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग मालकांनी लिहिलेले नीट वाचण्यातून आणि अशा खोल्या नीट उकरण्यातूनच जातो. त्यासाठी भाषा यावी लागते, आणि हा विषय सोडून दिला तर त्या खोलीतले मूल पुन्हा एकदा नाहीसे होईल.

आई, तू विचारतेस की या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध. एकवीरेच्या दर्शनाला जाताना देवळाशेजारी कार्ल्याचे चैत्यगृह लागते. तिथल्या काही खांबांवर ब्राह्मी लिपीत धेनुकाकट येथील यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दाने कोरलेली आहेत. त्यांतल्या सिहधय, धम्म अशा नावांवरून हे लोक इथल्या समाजात किती मिसळले होते ते दिसते. पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. मी तो उतारा शिकवते तेव्हा ग्रीस आणि रोम ही फक्त युरोपची वडिलोपार्जित मिळकत आहे, ही समजूत मुलांच्या मनातून हळूहळू गळून पडते. आणि त्या जगावर हक्क सांगताना मलाही संकोच वाटत नाही.

नोकरीच्या स्थैर्याची ग्वाही मात्र मी तुम्हाला देऊ शकत नाही, बाबा. विभाग लहान आहे आणि दरवर्षी प्रवेशांचा हिशेब द्यावा लागतो. तरीही पुढच्या सत्रात प्राथमिक ग्रीकचा वर्ग मी मागून घेतला आहे, कारण तो सुरू राहिला तरच पुढचे सगळे वर्ग उभे राहतात.

दोघांनीही प्रकृतीस जपावे.

तुमची लेक