निवृत्त झाले ते मिग-21, 'पँथर्स' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवाई दलाच्या मिग-21 या लढाऊ विमानाच्या निरोपाच्या बातम्यांत '23 क्रमांकाची स्क्वॉड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) इतिहासजमा' असा उल्लेख वाचला. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झाले ते विमान. 'पँथर्स' ही 23 वी स्क्वॉड्रन 'नंबरप्लेट' झाली. म्हणजे विमाने ताफ्यातून वजा होतात, वैमानिक-तंत्रज्ञांच्या इतरत्र बदल्या होतात. क्रमांक, बोधचिन्ह आणि नोंदवह्या मात्र जपून ठेवतात. नवी विमाने मिळाली की त्याच क्रमांकाने स्क्वॉड्रन पुन्हा उभी राहते.

पँथर्सनी विमान बदलले ते काही पहिल्यांदा नव्हे. जुनी व्हॅम्पायर जेट विमाने सोडून 1960 मध्ये नॅट हे छोटे लढाऊ विमान घेणारी हीच पहिली स्क्वॉड्रन. नॅटच्या पंखांचा विस्तार सात मीटरही नाही. दूरवरून नजरेला सापडणे कठीण. 30 मिलिमीटरच्या दोन तोफा, पण त्या ऐन वेळी अडकत, ही कायमची डोकेदुखी.

पाकिस्तानशी लढताना 1 सप्टेंबर 1965 ला जम्मूजवळच्या छांबवर 45 व्या स्क्वॉड्रनची चार व्हॅम्पायर पडली आणि पँथर्सची नॅट तातडीने पठाणकोटला आणली गेली. 3 तारखेला आपलीच मिस्तेअर विमाने आमिष म्हणून रडारला दिसतील अशा उंचीवर पाठवली, नॅट मागून जमिनीलगत. पाकिस्तानची सेबर लढाऊ विमाने वर येताच मिस्तेअर वळली आणि नॅट वर उसळली. पँथर्सचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांना त्या दिवशी सेबर पाडल्याचे श्रेय व वीरचक्र मिळाले. ते सेबर जखमी होऊन तळावर परतले, असे पाकिस्तान सांगतो. त्याच दिवशी आपले एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरले, ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे. स्क्वॉड्रनचा इतिहास लिहायचा तर हेही लिहायला हवे.

व्हॅम्पायर गमावणारी ती 45 वी 'फ्लाइंग डॅगर्स' पुढे मिग-21 वर गेली. 1999 च्या ऑगस्टमध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक हे टेहळणी विमान पाडले ते तिनेच. नंतर नंबरप्लेट झाली आणि 1 जुलै 2016 ला पहिली तेजस स्क्वॉड्रन म्हणून परतली. अंबाल्याला राफेल आले ते 17 व्या 'गोल्डन ॲरोज'कडे. तीही आधी मिग-21 चीच, 2019 मध्ये पुन्हा उभी केलेली. परमवीरचक्र विजेते निर्मलजितसिंग सेखों यांच्या 18 व्या स्क्वॉड्रनला 2020 मध्ये सुलूरला तेजस मिळाले.

आकड्यांचा घोळही इथेच होतो. नंबरप्लेट स्क्वॉड्रन संपलेली नसते, पण लढाऊ बळात धरतही नाहीत. म्हणूनच मंजूर 42 पैकी आता 29 उरल्या असे म्हणतात. बातमीत 'बरखास्त' ऐवजी 'नंबरप्लेट' छापून कंसात चार शब्दांचा खुलासा दिला तरी पुरे. ज्या ओझरमध्ये मिग-21 तयार झाली आणि पुढे त्यांची बायसन ही सुधारित आवृत्ती केली गेली, त्या भागातल्या वाचकांना तो समजायला अवघड जाणार नाही.

– एक वाचक, नाशिक