आरोपपत्रात काय नाही ते आधी बघ

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनला, तुझं जायचं पक्कं झाल्याचं ऐकल्यापासून तुझे बाबा पिवळ्या तापाच्या लशीचं घोकतायत. माझी काळजी जरा वेगळी आहे. लंडनला तू वकील म्हणून स्वतः कोर्टात उभी राहतेस. सिएरा लिओनमध्ये लैंगिक गुन्ह्यांचे खटले तिथल्या सरकारी वकिलांचे असणार, युक्तिवाद तेच करणार आणि तू शेजारी बसून फाइल बघणार. स्वतःच उभं राहून बोलायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं. फोनवर यावर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

निघण्याआधी दोन जुने खटले शेजारी शेजारी ठेवून वाच.

पहिला अकायेसूचा. हा रवांडातल्या ताबाचा महापौर. १९९४ च्या वंशसंहारानंतर टांझानियात अरुशाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसलं आणि देशोदेशीचे वकील तिथे जमले. जानेवारी १९९७ मध्ये खटला सुरू झाला, तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता. एक बाई कुटुंबावरच्या हल्ल्याबद्दल सांगत होती. त्या ओघात तिने सांगितलं, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. न्यायपीठाने आणखी विचारलं, तेव्हा महापौराच्या कचेरीतही मुलींवर बलात्कार झाल्याचं कानावर आलं होतं, असंही ती म्हणाली. तीन न्यायाधीशांत नवी पिल्ले या एकट्याच बाई होत्या, दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या तमिळ कुटुंबात वाढलेल्या. बाहेरून महिला संघटनांचाही रेटा होता. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. बलात्कारही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतो, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदाच म्हटलं.

या निकालाचं कौतुक सगळेच करतात. मी त्यातलं आधीचं पान पुन्हा पुन्हा वाचते. त्या बाईने विचारलं तेवढंच उत्तर देऊन गप्प बसायचं ठरवलं असतं तर?

दुसरा खटला तू जातेयस त्या फ्रीटाउनमधलाच. यादवी युद्धानंतर तिथे विशेष न्यायालय बसलं. त्याचे पहिले मुख्य सरकारी वकील अमेरिकन होते आणि स्त्रियांवरच्या गुन्ह्यांचा तपास त्यांनी सुरुवातीपासून हाती घेतला होता. तरी ‘सिव्हिल डिफेन्स फोर्सेस’ या सरकारच्या बाजूने लढलेल्या टोळ्यांच्या तिघा म्होरक्यांच्या खटल्यात लैंगिक अत्याचाराचे आरोप आधी घातले गेले नव्हते. फेब्रुवारी २००४ मध्ये ते जोडायची परवानगी मागितली आणि मे महिन्यात न्यायपीठाने दोनास एक अशा मतांनी ती नाकारली. आता उशीर झाला, आरोपींच्या हक्काला बाध येईल, हे कारण. पुढे बायका साक्षीला आल्या. बाकीचं सगळं बोलायची त्यांना मुभा होती. अंगावर जे गुदरलं, तेवढं मात्र बोलायचं नाही! त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यांत जबरदस्तीचं लग्न हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला, २००९ मध्ये त्यासाठी दोषीही ठरवलं. या बायका मात्र कोरड्याच परत गेल्या.

त्या न्यायाधीशांवर मी फार चिडत नाही. आपल्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या, २१६ कलमाखाली निकाल लागेपर्यंत आरोप बदलता यायचा, आणि आपण वकील त्या सोयीवर किती विसंबून असायचो! ती सोय सगळीकडे मिळेलच असं नाही. तेव्हा फाइल हातात आली की त्यात काय आहे हे बघण्याआधी काय नाही ते बघ. तपासी अंमलदाराने बाईला काय विचारलंच नाही? कुणासमोर विचारलं? नवरा, दीर शेजारी होते का? तुझी खरी मदत इथेच आहे, कारण कोर्टात पोचल्यावर तुला तोंड उघडता येणार नाही.

तिथे कायद्याची वानवा नाही. लैंगिक गुन्ह्यांचा कायदा २०१२ चा. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बलात्कारांवरून राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, त्याच वर्षी शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली, २०२० मध्ये खास कोर्ट सुरू झालं. पोलिसांत ‘फॅमिली सपोर्ट युनिट’ आहे, फुकट उपचारांसाठी ‘रेनबो’ केंद्रं आहेत. पण मॅजिस्ट्रेट कोर्टात बरेचदा पोलिसच खटला चालवतात. त्यांच्याशी आधी मैत्री कर, बड्या साहेबांशी नंतर.

आणि कोर्टाच्या दाराबाहेरचं बाकडं बघ. आमच्याकडे एकाच बाकड्यावर फिर्यादी मुलगी आणि आरोपीची आई पुकारा होईपर्यंत बसून असायच्या. कुणी धमकी देत नसे. आई नुसती रडायची, मधूनच मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुलगी फितूर! मी साक्षीदाराला सकाळीच माझ्या खोलीत आणून बसवायला लागले, शिपायाला त्याचा फार राग यायचा. तुमच्याकडचे पडदे नि व्हिडिओ लिंक चांगलंच आहे, पण त्यासाठी कागदी घोडे नाचवत बसण्याआधी साक्षीदाराला बसायला वेगळी खोली मिळते का ते विचार.

तिथलं कुणी तुला म्हणेल, तुम्ही बाहेरचे, आम्हाला काय शिकवता? तेव्हा लंडनचे दाखले देऊ नकोस. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचं १९७२ चं प्रकरण सांग. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. आपल्या गडचिरोलीतलं हे ऐकल्यावर तेही त्यांच्याकडचं काही सांगतील.

लस घेतल्याचं बाबांना स्वतः फोन करून सांग, माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. आणि तिथे पोचलीस की तपासात बाईला विचारायच्या प्रश्नांचा त्यांचा छापील नमुना असला तर पाठव. मला बघायचाय.

तुझी,
आई