आत्याच्या दगडावर काय लिहायचं

पुणे,
रविवार संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, आत्याच्या कबरीच्या दगडासाठी तुम्ही पाठवलेला मजकूर वाचला. 'सेवेची मूर्ती, ममतेचा सागर, प्रभुचरणी विसावली.' फोनवर मी हो हो म्हटलं, कारण फोनवर तुमच्याशी वाद घातला की तुम्ही फोन सरळ आईच्या हातात देता. म्हणून पत्र लिहितेय. दगडवाल्याला अजून पैसे दिले नसतील तर थांबा.

ममतेचा सागर? आत्या? नातेवाईक चपला घालून वॉर्डात आले तर त्यांना जिन्यापर्यंत हाकलत नेणारी नर्स ती. मी आठवीत असताना तिने मला खाटेवर चादर घालायला शिकवलं. कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली गच्च खोचायचा, वर एक सुरकुती नको. माझ्याकडून सात वेळा उलगडून घेतलं आणि आठव्यांदा म्हणाली, "बरं आहे, पेशंट मरणार नाही." तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही. अजूनही मी चादर तशीच घालते. नातू वैतागतो, पाय आत शिरत नाहीत म्हणून.

तिच्याबद्दल तुम्ही सगळ्यांना जे सांगता त्यात मनीऑर्डरची गोष्ट हमखास असते. 'आक्काने नर्सिंगच्या पगारातून मला डी.एड. केलं, दरमहा चाळीस रुपये, कधी चुकले नाहीत.' पण पुढचं सांगत नाही तुम्ही. तिच्या ट्रंकेत मला ती निळी वही सापडली. एका बाजूला तिने पाठवलेले पैसे, दुसऱ्या बाजूला नोकरी लागल्यावर तुम्ही परत केलेले. दहा, पंधरा, एकदा नुसते पाच. शेवटच्या ओळीत 1979 आणि 'पूर्ण'. खाली सही, रिपोर्ट लिहून झाल्यावर करायची तशी. तुम्हाला याची लाज का वाटते? तिने भावाला उपकाराखाली ठेवलं नाही. मला ही वही मनीऑर्डरपेक्षा मोठी वाटते.

आणि हात. हे मला आईकडूनच कळलंय, पण बाबा, तुम्ही ऐकलंय का नीट, माहीत नाही. कोडोलीहून 1957 साली ती मिरजेला ट्रेनिंगला आली आणि पास झाल्यावर काही वर्षं वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होती. क्षयाच्या पेशंटांना तेव्हा स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं, रोज, महिनोन्‌महिने. कुपीतली पूड पाण्यात विरघळवायची, काचेच्या सिरिंजमध्ये ओढायची, सुई वर धरून हवा काढायची. हवेबरोबर बारीक फवारा उडायचा तो बोटांवर, पापण्यांवर. तिच्या बोटांना भेगा पडल्या, डोळे सुजले. रबरी हातमोजे होते, पण ते धुऊन, पावडर लावून, भोकं पडली तर ठिगळ लावून पुन्हा वापरायचे, आणि ते आधी ऑपरेशनला. आई लग्न होऊन घरात आली तेव्हाही आत्याची बोटं पीठ मळलं की उलायची. म्हणून भाकऱ्या आईकडे आणि भाजी निवडणं आत्याकडे, ही आपल्या घराची वाटणी. मला लहानपणी वाटायचं, आत्या आळशी आहे. पुढे ती जनरल वॉर्डात आली, हात बरे झाले, पण सकाळी खिडकीशी उभं राहून बोटं उलटीसुलटी करून बघायची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

तुम्ही शाळेत मुलांना अभिमानाने सांगायचात की डॉ. विल्यम वानलेस कॅनडातून आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत दवाखाना उघडला. आत्या एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली होती, "आणि सुया कुणी उकळल्या?" तुम्ही हसलात. ती हसली नव्हती.

भक्तीचं म्हणाल तर चर्चच्या मंडळीत तिच्याबद्दल कुजबूज होतीच. रविवारच्या उपासनेला महिन्यातून दोनदाच, तेही मागच्या बाकावर, ड्यूटीच्या साडीत. एका पाळकांनी घरी येऊन हळूच विचारलंही होतं. तिने त्यांना चहा दिला आणि ड्यूटीचा तक्ता दाखवला. पेशंटला धर्म सांगायची नाही कधी. पण पंढरपूरची ती म्हातारी आठवते? आषाढीच्या आधी बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने मिरजेला आणलेली, पोटाचं ऑपरेशन. गळ्यातलं काही ठेवायचं नाही हा नियम, आणि म्हातारी तुळशीची माळ काढायला तयार नाही. माळ काढली तर मी मेलेच, म्हणायची. आत्याने माळ तिच्या मनगटाला गुंडाळली, वरून गॉजची पट्टी बांधली आणि चार्टवर लिहिलं, 'डाव्या मनगटाला बँडेज, काढू नये.' म्हातारी वाचली आणि पुढच्या वर्षी बुक्का आणि चुरमुरे घेऊन आली. आत्याने चुरमुरे वाटले आणि बुक्क्याची पुडी पवित्र शास्त्रात ठेवली. अजून आहे तिथे, मी पाहिली. पानं काळी झालीत.

त्याच पानांबद्दल बोलायचं आहे. दगडावर तेविसावं स्तोत्र घालू म्हणता. घालू नका. ते वाचायला कुणी खाटेजवळ आलं की पेशंट घाबरतो, आपलं संपलं असं समजतो, अशी तिची कायमची तक्रार होती. तिचं स्तोत्र एकशे एकविसावं. राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही, असं त्यात आहे ना, त्याखाली पेन्सिलीने रेघ आहे. ती म्हणायची, देवाला बाराही महिने नाइट ड्यूटी आणि ऑफ नाही.

आता आई, तुझ्याशी. शेवटचे पाच महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि पाठीला एक जखम नाही. डॉक्टर म्हणाले ते मला तिथे कळलं नव्हतं, इथे येऊन कळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री गजर लावून, तुझे स्वतःचे गुडघे तसे असताना. ती तुला ओरडायची, चादर ओढू नकोस, उचल, असं. मी त्या पाच महिन्यांत दोनदा आले. एकदा तीन दिवस, एकदा एकच. याबद्दल तू मला काही बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस.

शेवटच्या भेटीत मी बसले होते तेव्हा ती डाव्या मनगटाची नाडी स्वतःच मोजत होती. घड्याळ तसंच, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मी विचारलं, किती? म्हणाली, "मोजणाऱ्याला बोलायला लावू नये."

तर दगडावर एवढंच. वर तिचं पूर्ण नाव. खाली 1938 आणि यंदाचं साल. त्याखाली 'नर्स, मिरज'. आणि अगदी खाली 'स्तोत्र 121', नुसता आकडा, वचन नको. ज्याला बघायचं तो घरी जाऊन उघडेल. अक्षरं कमी झाली की पैसेही कमी होतील, आणि ते तिला आवडलं असतं. निम्मे मी पाठवते. बाबा, नको म्हणू नका, नाहीतर मीही वही घालीन.

दगड काळा घ्या, पांढऱ्यावर शेवाळ दिसतं. घड्याळ ट्रंकेत ठेवू नका, चावी देत राहा, मी ईस्टरला आले की घेऊन जाईन. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात. मी बुधवारी फोन करून विचारणार आहे, आणि फोन बाबांकडे द्यायचा नाही.

तुमची,
बेबी