सत्कार झाले, आता तिचे म्हणणे ऐकावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात आमच्या भागातील एका तरुणीची बातमी छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलींच्या एसटीचा प्रश्न लावून धरणारी ही तरुणी परदेशातील युवा परिषदेला जाऊन आली, तेथे काही देशांच्या माजी राष्ट्रप्रमुखांशी तिची भेट झाली आणि परतल्यापासून गावोगावी तिचे सत्कार होत आहेत, एवढा मजकूर त्या बातमीत होता. वाचून आनंद झाला. मात्र तिने त्या मंडळींकडून काय शिकून आणले, याचा त्यात एक शब्दही नव्हता. ते मी तिच्या तोंडून ऐकले असून आपल्या वाचकांपर्यंत ते पोहोचावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

तिचे काम आधी थोडक्यात सांगतो. सायंकाळची एसटी शाळा सुटण्याच्या आधीच निघून जात असल्यामुळे मुलींना एक तर शेवटची तासिका बुडवावी लागे, नाही तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांमधून जाणाऱ्या रस्त्याने अंधारात पायी घर गाठावे लागे. वेचणीच्या हंगामात घरातली सारीच माणसे शेतात असतात, तेव्हा मुलीला आणायला जाणार कोण, या कारणावरून काही मुलींची शाळा कायमची सुटली. हिने मुलींकडून एका शंभर पानी वहीत एसटी येण्याची आणि सुटण्याची वेळ रोज लिहून घेतली, प्रत्येक नोंदीखाली दोन मुलींच्या सह्या घेतल्या आणि ती वही घेऊन आगाराच्या पायऱ्या झिजवल्या. निवेदने आगारात रोजच येतात आणि फायलीत जातात. तारीखवार नोंदी आणि सह्या असलेल्या वहीला मात्र कोणाला नाही म्हणता आले नाही. गाडीची वेळ बदलली.

परिषदेला जाताना तिने हीच हकीकत सांगणारे इंग्रजी भाषण पाठ करून नेले होते. एका देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षा तरुणांच्या लहान गटांशी बोलत होत्या. त्यांनी ते भाषण शांतपणे ऐकून घेतले आणि कौतुकाचे चार शब्द बोलण्याऐवजी विचारले, की ही गाडी आता उशिरा सुटते, तर पूर्वी ती ज्या गावांना वेळेवर पोहोचत होती त्या गावांचे काय झाले? हिच्याजवळ उत्तर नव्हते. त्यावर बाईंनी उपदेश केला नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारला: त्या गावांमधल्या कोणाला तू ओळखतेस का? परत आल्यावर पहिला सत्कार स्वीकारण्याआधी ही मुलगी त्याच मार्गावरच्या शेवटच्या गावाला जाऊन आली. तालुक्याच्या दवाखान्यातून आणि आठवडी बाजारातून परतणारी म्हातारी माणसे नव्या वेळेमुळे फाट्यावर ताटकळत बसतात, हे तिला तेथे कळले. आता ती दोन्ही गावांना सोयीचे होईल असे वेळापत्रक तयार करीत असून त्यासाठी चालक-वाहकांच्या कामाच्या पाळ्याही समजून घेत आहे.

मला यातले मर्म असे वाटते, की ज्याने प्रत्यक्ष राज्य चालवले आहे त्याला प्रत्येक निर्णयाची दुसरी बाजू आधी दिसते. एका गावाला दिलेली गाडी दुसऱ्या गावाच्या वाट्यातून आलेली असते, कालव्याचे पाणी वरच्या शेतकऱ्याने अडवले की टोकाच्या शेतकऱ्याचा हरभरा वाळतो. आमच्याकडे तरुणांसाठी होणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांत वक्तृत्व, देहबोली आणि आत्मविश्वास यांवर तासन्‌तास व्याख्याने होतात. आपल्या मागणीची किंमत कोण मोजणार आहे, हा प्रश्न तेथे कोणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मी बरीच वर्षे शिक्षक होतो, तेव्हा अशी शिबिरे मी जवळून पाहिली आहेत.

मोठ्या नेत्यांच्या भेटीतून शिकण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे अडचणीचा प्रश्न विचारण्याचे आणि तो सोसण्याचे बळ. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात विद्यार्थ्यांना भेटले, तेव्हा अमेरिका पाकिस्तानला दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही, असे एका विद्यार्थिनीने त्यांना थेट विचारले. हा प्रश्न येणार हे आपल्याला ठाऊक होते, असे सांगून त्यांनी सविस्तर उत्तर दिले. ते उत्तर पटले की नाही हा भाग वेगळा, पण प्रश्न टाळला गेला नाही आणि विचारणाऱ्या मुलीला कोणी खाली बसवले नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, मुलींच्या शिक्षणासाठी लढणारी पाकिस्तानची सोळा वर्षांची मलाला युसुफझाई याच ओबामांना व्हाइट हाउसमध्ये भेटली. तिने शिक्षणाला मिळणाऱ्या मदतीबद्दल आभार मानले आणि त्याच भेटीत, अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांत निरपराध माणसे मरतात आणि त्यातून दहशतवाद वाढतो, हेही सांगितले. ज्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो त्याला न रुचणारी गोष्ट नम्रतेने सांगता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही. आमच्याकडे एखादे युवक मंडळ पालकमंत्र्यांना भेटले, की निवेदन देतानाचे छायाचित्र निघाले म्हणजे कार्यक्रम संपतो. निवेदनात काय लिहिले होते, हे छायाचित्रातल्या निम्म्या मंडळींना विचारून पाहावे.

यासाठी विमानाने परदेशी जावे लागते असेही नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरेच असत. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री समोर बसलेल्यांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत प्रश्नावर प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एखाद्याचे समाधान झाले नाही तर विषय पुन्हा चर्चेला येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने कोणी द्यायचे यावर वन विभागाशी वाद चालूच राहिला. गाव आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मंत्र्याला भेटायचे ते असे, आपल्या गावात आणि आपल्या विषयावर.

पद सोडण्याबद्दलही त्या परिषदेत बोलणे झाले म्हणे. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला १९९९ मध्ये एकाच कार्यकाळानंतर बाजूला झाले आणि न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी जानेवारी २०२३ मध्ये, आता आपल्यात पुरेशी ताकद उरली नाही, असे मोकळेपणाने सांगून राजीनामा जाहीर केला. आमच्याकडच्या सहकारी संस्थांच्या अध्यक्षपदाविषयी या ठिकाणी काही न लिहिलेले बरे.

एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. हवामान बदलाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्ग हिने सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे जगभरच्या नेत्यांसमोर जो संताप व्यक्त केला, त्याचा रोख असा होता, की तुम्ही तरुणांकडे आशा मागायला येता आणि स्वतः काही करीत नाही. तरुणांना व्यासपीठावर बसवणे स्वस्त असते. त्यांचे ऐकून अंदाजपत्रकात बदल करणे महाग असते. ही गोष्ट तालुक्याच्या नेत्यांनाही तितकीच लागू आहे. आमच्या या तरुणीला शाल-श्रीफळ देणाऱ्यांमध्ये अशीही मंडळी आहेत, ज्यांनी तिला गावच्या एकाही बैठकीचे निमंत्रण दिलेले नाही. तिच्या स्वागताचे फ्लेक्स फाट्यावर लागले आहेत. त्यावर तिचा चेहरा बोटभर आणि शुभेच्छुकांचे चेहरे हातभर आहेत.

मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीलाही तेथे प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात काय घडते? गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती भरत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मोजक्या माणसांत विषय मंजूर होतात. उरलेल्यांच्या सह्यांसाठी रजिस्टर नंतर घरोघरी फिरते. महिलांसाठी निम्मी पदे राखीव असूनही सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे पती बसून उत्तरे देतात, हे सर्वांनीच पाहिलेले आहे. परदेशात माजी राष्ट्राध्यक्षांशी निर्भयपणे बोलून आलेली मुलगी गावच्या सभेत तोंड उघडायला कचरते, याचे कारण तिच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या सभांच्या रीतीत शोधावे. तेथे तरुण मुलीने प्रश्न विचारला, की आधी ती कोणाची आहे हे विचारले जाते आणि मग तिच्या वडिलांना निरोप जातो.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. गावोगावच्या सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एसटीच्या वेळापत्रकाचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, मार्गावरच्या सर्व गावांतील मुली व वृद्ध यांना आवर्जून बोलवावे आणि ठरेल ते इतिवृत्तात लिहून आगाराकडे पाठवावे. त्या तरुणीने सत्कारासाठी येणाऱ्या प्रत्येक मंडळाला हेच सांगायला सुरुवात केली आहे. काहींनी होकार दिला, काहींचे येणे थांबले. दुसरी विनंती आपल्या दैनिकाला आहे. त्या दिवशी आपला वार्ताहर प्रतिमापूजनाच्या छायाचित्रापुरता न थांबता सभा संपेपर्यंत बसावा आणि तेथे कोणी कोणते प्रश्न विचारले व त्यांना काय उत्तरे मिळाली, तेवढे जसेच्या तसे छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
जि. यवतमाळ