‘सोडवली’ म्हणून बंद केलेल्या तक्रारीबाबत

प्रति,
व्यवस्थापक

विषय : तुमच्या दप्तरी मिटलेली, आमच्या भिंतीवर मात्र चालू असलेली ओल

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी बावीस मिनिटं बोललो, म्हणून हे पत्र. यापुढे फोन करणार नाही.

व्यंकटपुरा पेठेतल्या तुमच्या वाड्याचा तळमजला मी मार्चमध्ये भाड्याने घेतला. घर कसं आहे हे मी सांगायला नको, नूतनीकरण तुम्हीच केलंय. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांचा जुना चुना खरवडून वर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि धुता येणारा चकचकीत रंग. पाऊस लागला आणि कमरेपर्यंत रंगाला फोड आले, पुट्टीतून लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. माझ्या आईला हे नुसता हात लावून कळलं. तिचं लहानपण माची पेठेतल्या वाड्यात गेलंय. ‘मेल्यांनी भिंतीला रेनकोट घातलाय,’ म्हणाली. तुमच्या इंजिनियरला कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

दोनदा माणूस आला. दोन्ही वेळा फोड खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला, फोटो काढला. दोन्ही वेळा ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला. पंधरा दिवसांत फोड परत.

आता आजचा फोन. ताईंनी आधी विचारलं, खिडक्या उघडता का? उघडतो. कपडे घरात वाळत घालता का? जुलैत साताऱ्यात दुसरीकडे कुठे घालणार? मग विचारलं, ‘सर, घरात माणसं किती?’ सहा, म्हटलं. आईवडील, आम्ही दोघं, दोन मुलं. तिकडे टाइप केल्याचा आवाज. मग शांतपणे, ‘सर, सहा जणांच्या श्वासामुळे भिंतीला मॉइश्चर येऊ शकतं.’

मी म्हटलं, मग काय करू? त्या म्हणाल्या, ‘सर, ते मी सजेस्ट करू शकत नाही.’

जाहिरातीत ‘मोठ्या कुटुंबासाठी तीन बेडरूमचं ऐतिहासिक घर’ असं होतं. कुटुंबाने श्वास घ्यायचा नाही, ही अट बारीक अक्षरात होती का? वडिलांना दमा आहे, ते तसाही कमीच घेतात. आणि हा श्वास जमिनीपासून कमरेपर्यंतच का चिकटतो? आम्ही काय रांगत फिरतो?

१७०८ साली छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, हे तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. भिंतीचं काय केलंत, ते कुठल्याच पानावर नाही. चावी देताना कंदी पेढ्यांचा बॉक्स दिलात. पेढे चांगले होते, खोटं कशाला बोलू.

भाडं दरमहा अठरा हजार, वर देखभालीचे दीड हजार. दोनदा पुट्टी भरली, याला देखभाल म्हणत असाल तर पुट्टी मी स्वतः आणतो.

शिवाय अकरा महिन्यांचा करार अजून नोंदवलेला नाही. विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ काढून वाचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. जिल्हा ग्राहक आयोग इथेच साताऱ्यात आहे, मला रिक्षाने जाता येतं.

कमरेपर्यंतचं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करा, नाहीतर साठ हजार डिपॉझिट परत द्या. पंधरा दिवस थांबतो.

जुन्या पेठेत मुलं वाढावीत म्हणून कॉलनीतला चांगला फ्लॅट सोडून आलो होतो. बायको तेव्हा नको म्हणत होती. आता ती काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतं.

माणूस पाठवणार असाल तर पुट्टीची पिशवी देऊ नका. आधीच्या दोन उरलेल्या जिन्याखाली पडल्यात, त्यांनाही ओल लागलीय.

तुमचा भाडेकरू,
तळमजला, व्यंकटपुरा पेठ, सातारा