त्या फोटोतलं कुत्रं रानकुत्रं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात पुरंदरची बातमी होती, रानकुत्र्यांनी शेळ्या मारल्या म्हणून. फोटो मी मोबाईलवर झूम करून पाहिला, काळं-पांढरं कुत्रं, शेपटी वर वळलेली आणि गळ्यात नायलॉनच्या दोरीचा तुकडा. शेळ्या गेल्या त्या माणसाचं नुकसान झालंच, पण हे कोणीतरी पाळून सोडून दिलेलं कुत्रं आहे.

रानकुत्रा म्हणजे ढोल, सह्याद्रीत त्याला कोळसुंदा म्हणतात. अंग तांबूस, कान गोलसर, काळपट झुपकेदार शेपटी खाली लोंबणारी. आणि ते शीळ घालून एकमेकांना बोलावतात! चांदोलीच्या बाजूला एकदा सकाळी ती शीळ ऐकली, मला वाटलं पक्षी असेल, बरोबरचे गावातले काका हळूच म्हणाले "गप उभं ऱ्हावा ताई, कोळसुंदं हाईत", आणि थोड्या वेळाने सात-आठ जण कारवीतून रस्त्यावर आले, एक मात्र बाकीचे पार जाईपर्यंत आमच्याकडे बघत थांबला आणि मगच गेला. अजून डोळ्यांसमोर आहे ते.

आययूसीएन या निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या अंदाजाप्रमाणे जगात पिल्लं देऊ शकणारे प्रौढ ढोल ९४९ ते २,२१५ एवढेच आहेत. एके काळी सैबेरियापासून जावापर्यंत असायचे, आता त्यातला तीन चतुर्थांशापेक्षा जास्त मुलूख त्यांच्या हातून गेलाय. इंग्रजांच्या काळात तर मारून आणला की बक्षीस मिळायचं. आज सांबर-भेकरं कमी झाली, जंगलाचे तुकडे झाले, ही कारणं आहेतच, पण आपल्या कुत्र्यांचे रोग हे मोठं कारण आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. रेबीज, डिस्टेंपर. ढोल कळपाने राहतात, एकाच शिकारीवर तुटून पडतात, पिल्लांना पोटातलं मांस ओकून भरवतात, म्हणजे एकाला लागण झाली की बाकीचे कसे वाचणार?

पुण्यातून मुळशी, ताम्हिणी, पानशेतकडे फार्महाऊस झालेत, राखणीला कुत्रं ठेवायचं आणि कंटाळा आला की तसंच सोडून यायचं असं चाललंय. कृपा करून असं करू नका हो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांतल्या कुत्र्यांना लस आणि नसबंदी सरकारने दरवर्षी केलीच पाहिजे.

आणि तुम्हाला विनंती, मोकाट कुत्र्यांना मोकाट कुत्रेच लिहा. "रानकुत्र्यांनी शेळ्या मारल्या" हे वाचून कोणी मेलेल्या जनावरावर विष टाकून ठेवलं तर मरणार तो खरा कोळसुंदा. त्या सकाळचा एक फोटो आहे माझ्याकडे, जरा धूसर आहे पण शेपटी नीट दिसते, हवा असेल तर पाठवते, त्या बातमीच्या फोटोशेजारी छापा म्हणजे लोकांना फरक दिसेल.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे